तिसऱ्या नावाची जागा

सांगोल्याच्या दक्षिणेला, जतची हद्द सुरू होते त्याच्या थोडं अलीकडं करांडेवस्ती आहे. धनगरांची दहा-बारा घरं, घरांपुढं मेंढरांचे वाडे आणि मागं पसरलेला खडकाळ माळ. एका सकाळी त्या वस्तीवर जुनी पांढरी मारुती येऊन थांबली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ तिच्यातून उतरले आणि समोर दिसलेल्या पहिल्या माणसाला त्यांनी विचारलं, "इथं पूर्वी लष्कराचं विमान पडलं होतं म्हणे. नेमकी जागा दाखवेल असं कुणी आहे का?"

तो पहिला माणूस म्हणजे बिभीषण करांडे. मेंढरं सोडायची म्हणून तो वाड्याचं फाटक काढत होता.

"माझ्या जन्माच्या आदीची गोष्ट हाय ती," तो म्हणाला. "पर माझी थोरली बहीण तवा तितंच हुती. बसा की. बोलावतो तिला."

गृहस्थांचं नाव शिवयोगी हत्तुरे. राहणार सोलापूर. विमानांच्या इंजिनांची दुरुस्ती करण्यात त्यांची सारी नोकरी हवाई दलात गेली होती. बायको वारल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. जुनी लष्करी विमानं जिथं पडली आणि लोक विसरून गेले, अशा जागा शोधायच्या, त्यात कोण गेलं ते पाहायचं, आणि चार माणसं जमली तर तिथं नावांचा एक दगड उभा करायचा. अडुसष्ट साली पुण्याहून निघालेलं सरावाचं एक जेट सांगोल्याच्या माळावर कोसळलं होतं, आतले दोघं गेले होते आणि त्याचा क्रमांक काय होता, एवढंच त्यांना या विमानाबद्दल माहीत होतं.

बिभीषणची मुलगी सृष्टी त्या दिवशी घरीच होती. ती चिंचोळी एमआयडीसीत औषधाच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये काम करायची. राहायला सोलापुरात भवानी पेठेत खोली होती. सलग सुट्टी मिळाली की वस्तीवर यायची. पाहुण्यांना चहा तिनंच दिला. त्यांनी बोलण्याचा फोनवर व्हिडिओ घेतला तर चालेल का असं विचारल्यावर फोनही तिनंच धरला.

मायाक्का आत्या डोक्यावरचा पदर सारखा करत ओट्यावर येऊन बसली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला तेव्हा ती माहेरी परत आली होती, ती कायमची. सृष्टी तिच्याच मांडीवर वाढली.

शिवयोगींनी पिशवीतून एक नकाशा काढला आणि सांगायला सुरुवात केली. विमान पुण्याहून निघालं होतं. दोघं वैमानिक होते. दोघंही जागीच गेले.

"किती म्हणालासा?" मायाक्कानं विचारलं.

"दोघं."

"तिघं," मायाक्का म्हणाली.

शिवयोगींनी नकाशावरून मान वर केली. "त्या विमानात दोनच जागा असतात, बाई."

"विमानातलं मला काय म्हाईत न्हाय. माळावर तिघं मेली. तिसरा माझा भाऊ. सिदू."

बिभीषण फाटकापाशी होता तिथंच थांबला. सिदू म्हणजे सिद्धनाथ, तिचा थोरला चुलता. त्याच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जायची: विमान पडलं त्याला भिऊन पोरगा पळाला आणि कुणाच्या तरी मेंढरांबरोबर मुलूख सोडून गेला. तो मेला असं तिनं घरात कधीच ऐकलं नव्हतं.

मायाक्का सांगू लागली. आवाज चढला नाही की उतरला नाही.

"मी नऊ-धा वर्साची आसंन. सिदू तेरा-चौदाचा. आमी दोघं मेंढरं घिऊन जाळीच्या माळावर हुतो. एक कोकरू वघळीत उतारलं म्हनून त्यानं मला खाली धाडलं. मी वघळीत, त्यो वर बोरीपाशी काठीवर हात ठिवून हुभा. मला दिसत हुता. मंग आवाज आला. सूर्य हिकडनं हुता, त्याच्यातनंच आलं. मी तोंड खाली घातलं. वर बघितलं तवा बोर न्हवती. मेंढरं न्हवती. सिदू न्हवता. नुस्ता जाळ."

"मग?" शिवयोगींनी हळूच विचारलं.

"वस्तीवरची मानसं पळत आली, पर जवळ कुनाला जाऊ दीना त्यो जाळ. दुसऱ्या दिशी मिलिटरीच्या गाड्या आल्या. दोरी बांदली. आप्पा, माझा बाप, दोरीपाशी जाऊन म्हनाला, माझं पोरगं हाय हितं. त्यांची भाषा येगळी. संगं एक पोलीस हुता, त्यानं सायबाला इचारलं आनि आप्पाला सांगितलं, दोनच मानसं घावली, दोन्ही विमानातली. तुजं पोरगं भिऊन पळालं आसंल, हुडक. आप्पानं त्येच धरलं."

"तुम्ही सांगितलं नाहीत? तो तिथं उभा होता ते?"

"सांगितलं की. लई येळा सांगितलं. आप्पानं म्हसोबाची आन घातली. म्हनला, पुन्यांदा त्याला मेला म्हनशील तर घरात ठिवनार न्हाय. मरस्तोवर हुडकत हुता त्यो. कोकनात उतरलेली मेंढरं, कर्नाटकात गेलेली मेंढरं, परत्येक वाड्यावर जाऊन इचारायचा. आईनं तर हाय खाल्ली. आप्पा गेला, मंग कुनी इचारलंच न्हाय. तुमी आज इचारलं."

त्या दुपारी मायाक्का सगळ्यांना जाळीच्या माळावर घेऊन गेली. तिथं पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओघळ होती, तिच्या वरच्या अंगाला जमीन जरा खोल गेलेली होती, आणि तिथं गवत इतर ठिकाणांसारखंच आलेलं होतं. विमानाचा पत्रा लोकांनी केव्हाच नेऊन मोडीत घातला होता. करांडेंच्या वाड्यात मात्र त्यातलाच एक वाकडा तुकडा मेंढरांना पाणी पाजायला होता. शिवयोगींनी तो पालथा करून घासला, त्यावरचा ठोकलेला क्रमांक वाचला आणि म्हणाले, "हेच ते."

मोटारीत बसण्याआधी त्यांनी सृष्टीला बाजूला घेतलं. "मी दोन नावांचा दगड करायला निघालो होतो. आता जर तिसरं असेल आणि मी ते सोडलं, तर या सगळ्याला काय अर्थ आहे? तू सोलापुरातच असतेस. मला मदत करशील?"

सृष्टी हो म्हणाली. बोलायची तिला सवय नव्हती, पण त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आज्जा आयुष्यभर ज्याला शोधत फिरला तो घरापासून हाकेच्या अंतरावर जळून गेला होता, आणि हे ठाऊक असलेली बाई त्याच घरात भाकरी थापत होती.

काम सुरू झालं आणि लगेचच अडलं. सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. सृष्टी सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसायची. कागद इतके ठिसूळ झालेले की पान उलटताना कोपरे हातात यायचे. शेवटी बातमी सापडली. चार ओळी. वैमानिक फ्लाइंग ऑफिसर अमृत सुंठणकर, बेळगाव, आणि त्यांच्याबरोबरचा पंजाबचा शिकाऊ अधिकारी मरण पावले. काही मेंढरे दगावली. अन्य जीवितहानी नाही.

"मेंढरं मोजली," सृष्टी शिवयोगींना म्हणाली.

शिवयोगींनी दिल्लीला माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं की चौकशीचे कागद मुदत संपल्यानं नष्ट केले आहेत. पोलिसांकडं तेवढं जुनं काहीच नव्हतं. मग सृष्टीनं उलट्या बाजूनं सुरुवात केली. विमानाचे कागद नाहीत तर सिदूचे तरी शोधावेत. शाळेत तो कधी गेला नव्हता. जन्माची नोंद नव्हती, कारण त्याचा जन्म मेंढरांमागं फिरताना कुठंतरी परमुलखात झाला होता आणि नेमका कुठं ते सांगणारी आई कधीच गेली होती. रेशनकार्डावर नाव चढायच्या आत तो गेला. फोटो तर घरात कुणाचाच नव्हता. ग्रामपंचायतीतला क्लार्क चांगला माणूस होता. त्यानं सगळी कपाटं उघडून दाखवली आणि म्हणाला, "ताई, मेल्याचा दाखला राहू द्या. हा मुलगा होता, याचा तरी काही कागद आणा. मग मी पुढं काही करू शकतो."

असा कागद जगात कुठंच नव्हता. सिद्धनाथ करांडे नावाचा मुलगा होऊन गेला, हे मायाक्का सोडून कुणीच सांगू शकत नव्हतं.

मध्येच एक आशा दिसली. सांगोल्याच्या माजी सैनिकांनी दगडाचा खर्च उचलायचं ठरवलं होतं आणि स्थानिक वर्तमानपत्रात त्याची, सिदूच्या गोष्टीसकट, बातमी आली. ती वाचून टेंभुर्णीहून टायरच्या दुकानवाल्या एका माणसाचा शिवयोगींना फोन आला. त्याचे वडील तेव्हा ट्रक चालवायचे. त्या विमानातली माणसं आपणच सोलापुरापर्यंत नेली, असं ते पूर्वी सांगायचे म्हणे.

दोघं टेंभुर्णीला गेले. हायवेला लागून दुकान, मागं दोन खोल्या. चन्नप्पा पलंगावर उशीला टेकून बसलेले होते. मूळचे अक्कलकोटकडचे, मुलाशी कन्नडमधून बोलायचे आणि पाहुण्यांशी मराठीतून. बाहेर अवजड गाड्या चालल्या की त्यांचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं, मग ते थांबायचे.

शिवयोगी कन्नडमध्ये काही बोलले. चन्नप्पांचा चेहरा जरा उजळला. मग ते सृष्टीकडं वळले.

"मिलिटरीची एक गाडी बिघाडली, म्हणून माझा ट्रक घेतले. मी तरणा होतो. म्हणाले, उतर, हात लाव. काय सांगू तुला, बाई. माणूस असं काही नव्हतंच तिथं. दोन पेट्या आणलेल्या होत्या. लाकडाच्या. चादरीत गोळा करायचं आणि पेटीत ठेवायचं."

"आजोबा," सृष्टी म्हणाली, "किती माणसांचं होतं ते?"

चन्नप्पांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा म्हणाला, "आप्पा, तुम्ही आम्हाला सांगायचात की, लहान पायाचं."

"व्हय. एक पाय होता. लहान. पायात वहाण होती, धनगराची, जाड तळव्याची. विमानातल्या माणसाला बूट असतो. मी साहेबाला दाखवलो. त्यानं बघितलं. मग म्हणाला, दो आदमी, दो बक्सा. मी काय बोलणार? ठेवलो."

"कुठल्या पेटीत?"

"ते आठवत नाही, बाई."

शिवयोगींनी खिशातला फोन बाहेर काढला. "चन्नप्पा, हे व्हिडिओवर सांगाल? तिसरं माणूस होतं, लहान होतं, एवढंच."

म्हाताऱ्यानं रस्त्याकडं पाहिलं. "आता खरं सांगू का? लई वर्षं ही गोष्ट सांगितली मी. ढाब्यावर, गाडीत, पोरांना. सांगून सांगून आता मला समजंना, मी बघितलो ते सांगतो, का सांगितलो ते बघतो. वहाण होती. ते होतं. पाय होता का नुसतीच वहाण, ते देवाला ठाऊक. आन घेऊन सांगा म्हणाल तर नाही जमायचं."

परत येताना मोहोळ मागं पडलं. मग सृष्टी म्हणाली, "काका, म्हणजे तो बेळगावला गेला. नाहीतर पंजाबला."

"असेल."

"अर्धा अर्धासुद्धा असेल."

शिवयोगींनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. बेळगावला अमृत सुंठणकरांच्या पत्नी अजून आहेत, वच्छलाबाई, हे त्यांना ठाऊक होतं; त्यांच्याशी त्यांचं फोनवर बोलणंही झालं होतं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा ती पेटी आली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुतण्यांजवळ राहतात. दगडाच्या कार्यक्रमाला यायचं त्यांनी कबूल केलं होतं. पंजाबातलं घर मात्र शिवयोगींना सापडलं नव्हतं. हवाई दलातल्या ओळखीनं मिळालेल्या नावापत्त्यावर पाठवलेली पत्रं तशीच परत आली होती.

"माजी सैनिकांच्या कमिटीशी मी बोललोय," ते म्हणाले. "दगडावर दोन नावांच्या खाली जागा ठेवायला लावली आहे. चन्नप्पा आन घ्यायला तयार नाहीत, पण तुझी आत्या आहे. ती डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं सांगावं, वच्छलाबाईंनी हरकत घेऊ नये, की त्याच आठवड्यात तिसरं नाव कोरून घेऊ. अध्यक्षांनी शब्द दिलाय."

"वच्छलाबाईंना पेटीचं सांगणार?"

"नाही. ते तू सांगू नकोस. आत्यालाही सांगू नको. माळावर एक मुलगा गेला, एवढंच."

पण सृष्टीनं आत्याला सांगितलं. तिच्याशी खोटं बोलणं तिला जमलं नसतं. मायाक्का चुलीपुढं बसून ऐकत राहिली.

"वहान हुती म्हनला?"

"व्हय."

"आप्पानंच करून दिली हुती," मायाक्का म्हणाली. भाकरी करपली ती तिनं बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

कार्यक्रम थंडीत झाला. माळावर छोटा मांडव घातला होता. माजी सैनिक टोप्या घालून, पदकं लावून आले होते; सरपंच, तलाठी, दोन वार्ताहर आणि वस्तीवरची झाडून सगळी माणसं होती. काळा दगड चौथऱ्यावर कपड्याखाली झाकून ठेवला होता. मायाक्कानं इरकली नेसली होती. सकाळी सृष्टीनं तिला काय बोलायचं ते एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला पाठ करायचं न्हाय. बघितलंय मी ते."

वच्छलाबाई पुतण्याच्या गाडीतून आल्या. बारीक, ठेंगण्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. खडकातून चालताना त्यांचा पाय लटपटत होता. पुतण्या मागं राहिला आणि त्यांनी पहिल्या दिसलेल्या बाईचा हात धरला. ती मायाक्का होती.

"तुम्ही इथल्याच का?" त्यांनी विचारलं. "मला ती जागा दाखवाल? भाषणं सुरू व्हायच्या आधी बघायची आहे."

मायाक्का त्यांना ओघळीच्या वर घेऊन गेली. सृष्टी मागोमाग गेली. शिवयोगीही निघाले, पण कुणीतरी माइकसाठी त्यांना हाक मारली.

खोलगट जागेपाशी वच्छलाबाई उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. बोलल्या ते जसं काही रोजच्याच शेजारणीशी बोलावं तसं.

"मला त्यांचा चेहरा आठवत नाही आता, खोटं कशाला बोलू. एकूण दीड-दोन महिने आम्ही एका घरात राहिलो असू. बाकी त्यांची नोकरी. पेटी आली तेव्हा उघडायची नाही असा हुकूम होता. सासूबाईंनी हट्ट धरला, पण नाही उघडू दिली. मी हात लावला वरून. पेटीसकटच अग्नी दिला. राख घरच्या मळ्यात, आंब्याखाली ठेवलीय. अजून रोज संध्याकाळी जाऊन बसते मी तिथं. दिवसभरात काय झालं ते सांगते. लोकांना वाटतं म्हातारी बडबडते. एवढाच संसार झाला माझा."

मायाक्का ऐकत होती. तिचा हात अजून त्यांच्या हातात होता.

"एक विचारू?" वच्छलाबाई म्हणाल्या. "काल पुतण्या म्हणत होता की इथला एक मुलगाही गेला त्यात. असं पेपरात आलंय म्हणे. ह्यांच्या विमानाखाली. खरं आहे का ते? मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, आपण इतकी वर्षं त्यांचंच दुःख करत बसलो, आणि त्यांच्या हातून कुणाचं तरी लेकरू…"

सृष्टी आत्याकडं पाहत होती. तिला वाटलं, आता आत्या सांगणार. मनातल्या मनात ती पहिलं वाक्य म्हणतही होती.

मायाक्का म्हणाली, "न्हाय, बाई. तसं काय न्हाय. माझाच भाऊ त्यो. भिऊन पळाला. मंग गेला कुनाच्या तरी मेंढरामागं."

"परत नाही आला?"

"न्हाय आला. पर विमानानं न्हाय गेला. तुमी मनाला लावून घिऊ नगा."

वच्छलाबाईंनी डोळे मिटले आणि मायाक्काचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. एवढ्यात मांडवातून दोघींना हाक आली.

कार्यक्रमात अध्यक्षांनी ठरल्याप्रमाणं मायाक्काला पुढं बोलावलं. वार्ताहरांनी फोन वर धरले. सृष्टीला अजून आशा होती. खासगीत एका म्हाताऱ्या बाईचं समाधान करणं वेगळं आणि चारचौघांत सांगणं वेगळं, असं तिनं मनाला समजावलं होतं. पण वच्छलाबाई पहिल्याच खुर्चीवर बसलेल्या होत्या. मायाक्कानं माइकपासून जरा लांब उभं राहून तेच सांगितलं. विमान कसं आलं, जाळ कसा झाला, मेंढरं कशी गेली. माणसं दोन गेली. भाऊ भिऊन पळाला.

दगडावरचा कपडा काढला. टाळ्या झाल्या. वच्छलाबाईंनी दगडावरच्या नावाला फुलं वाहिली. जाताना त्यांनी मायाक्काला बेळगावला यायचा आग्रह केला आणि तिच्या हातात नारळ ठेवला.

शिवयोगी सृष्टीजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते नुसते दमलेले दिसत होते.

"आता मी काय करू?" ते म्हणाले. "पहिल्या दिवसाचा व्हिडिओ आहे आपल्याकडं. आणि आज सगळ्या गावासमोर तिनं उलट सांगितलं. दोन्ही तिचंच तोंड. कमिटी कुठलं धरेल?"

मांडव रिकामा झाला तेव्हा सृष्टी आत्याला म्हणाली, "का केलंस असं? आज्जा खोट्यापायी मेला. आता तूही तेच सांगितलंस."

"मला ठावं हाय."

"मग?"

मायाक्का दगडाच्या चौथऱ्याला टेकून खाली बसली. "ती रोज जाऊन बोलती त्या राखंशी. मी कसं म्हनू, की बाई, त्यात माझा सिदू बी आसंल? का नुस्ताच सिदू आसंल? मंग ती कुनाशी बोलली इतकी वर्सं?"

"आणि सिदू?"

"सिदूला काय. त्याला ना नाव लागतंय ना गाव." एवढं ती बोलली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सृष्टीनं तिला रडताना पाहिलं. ती बराच वेळ रडली. सृष्टी जवळ बसून राहिली. समजूत तिनं घातली नाही, कारण तिला आत्याचा राग आला होता आणि तो जात नव्हता.

सृष्टीला वाटलं होतं, की निदान आत्याला आपण एक चांगलं काम केल्याचं समाधान तरी असेल. ते तिला मिळालं नाही. मायाक्का त्यानंतर जाळीच्या माळाकडं फिरकली नाही. घरात कुणी विमानाचा विषय काढला की उठून बाहेर जायची. एकदा सृष्टीनं पुन्हा एकदा सगळं नीट सांग, आपण लिहून कमिटीला देऊ, असं म्हटलं, तेव्हा मायाक्का म्हणाली, "दोन येळा दोन सांगितलं. तिसऱ्यांदा कोन इश्वास ठेवील? मलाच कळंना झालंय, त्यो बोरीपाशी हुता का मला तसं वाटलं. मी लहान हुते."

तिला असं खरंच वाटत होतं की सगळं संपवून टाकायचं म्हणून ती बोलली, हे सृष्टीला कधी कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात टेंभुर्णीहून चन्नप्पा गेल्याचा फोन आला. माळाचा मोठा भाग सौर वीज प्रकल्पाला भाड्यानं गेला आणि ओघळीच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण पडलं. दगडाची अडचण होऊ लागली म्हणून तो उचलून तालुक्याच्या गावी, माजी सैनिकांच्या ऑफिसच्या आवारात नेऊन बसवला. विमान पडल्याची खोलगट जागा भरून काढून तिच्यावर लोखंडी खांब रोवले. शिवयोगींनी विनंती करून पाहिली, पण जमीन खासगी होती. काही दिवसांनी त्यांनी सृष्टीला फोन करून विजापूरकडं अशीच एक जागा सापडल्याचं सांगितलं आणि येतेस का म्हणून विचारलं. सृष्टी नाही म्हणाली. "मला जमणार नाही, काका," एवढंच. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मायाक्काला पावसाळ्यात कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध चाललं, मग सांगोला, मग सोलापूर. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झालेला होता आणि ती वाचली नाही. वच्छलाबाईंना कळवावं असं बिभीषणच्या मनात आलं. सृष्टीनं बेळगावला फोन लावला. पुतण्यानं सांगितलं की काकूंना आता फोनवर बोललेलं समजत नाही. मळ्यात मात्र रोज नेऊन बसवावं लागतं.

दहाव्याच्या दिवशी ओढ्याकाठी भावकी जमली होती. तेव्हा बिभीषण, कुणाला न विचारता, मोठ्यानं म्हणाला, "बहिणीच्या संगं सिदूचं बी पिंड ठिवावं म्हनतो. त्याचं कधी झालंच न्हाय."

भावकीतला जाणता माणूस म्हणजे मायाप्पा. तो उन्हात डोळे बारीक करून बसला होता. "मेलेल्याचं ठिवत्यात," तो म्हणाला. "त्यो मेला कशावरनं? मायाक्कानंच माइकवर सांगितलं की, भिऊन पळाला म्हनून. समद्यांनी ऐकलंय."

"ते खरं नव्हतं," सृष्टी म्हणाली.

"मंग खरं काय हुतं? हाय का कुनी सांगनारं?"

सृष्टीनं फोन काढला. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ तिच्याजवळ होता. तिनं तो लावला, पण ओढ्याकाठी वारा होता आणि आत्याचा आवाज आधीच बारीक. मायाप्पानं कान पुढं केला, थोडं ऐकलं आणि मान हलवली. बिभीषणनं मुलीच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे." कावळा शिवायची वाट पाहत सगळे जरा लांब जाऊन बसले. ओढ्याकाठच्या दगडावर एकट्या मायाक्काचं पिंड होतं.

संध्याकाळच्या एसटीनं सृष्टी सोलापूरला परतली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिची पहिली पाळी होती.